एका दमात

उमरखेडात आजारी माणसाला जिना चढायला लावणारे डॉक्टर एकच होते, आणि त्यांच्याच घरात खालच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. दवाखाना माडीवर. खाली चांगली ऐसपैस बैठक होती, तिथं टेबल-खुर्ची मांडली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण डॉक्टर म्हणायचे, "पेशंट समोर येऊन बसल्यावर त्याला काय तपासायचं? तोवर तो सावरलेला असतो. माणूस खरा कळतो तो जिन्यात." खालच्या पायरीशी वहाणा काढल्याचा आवाज आला की ते डोळे मिटून घेत. येणारा मध्ये थांबला का, कठड्याला धरून थांबला की भिंतीला टेकला, खोकला चढताना आला की थांबल्यावर, हे सगळं ते कान देऊन ऐकत. पेशंट दारात येऊन "डाक्टरसायेब, मले..." म्हणायच्या आत त्यांची चिठ्ठी अर्धी लिहून झालेली असे.

लोक वैतागत. दम्याची एक म्हातारी तर जिन्यातूनच शिव्या देत वर यायची. "दवाखाना खाली काहून नाही आनत रे बाबा? औषधाच्या आदी जीव घेतं का?"

"शिव्या देत चढलीस ना आजी? मग बरी आहेस," डॉक्टर वरून म्हणायचे. "शिव्या बंद झाल्या की मी काळजी करीन."

निदान मधल्या वळणावर एखादी खुर्ची ठेवा, असं काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, वर्षानुवर्षं सांगत होत्या. डॉक्टर ऐकत नव्हते. खुर्ची ठेवली की माणूस बसणार, बसला की दम खाणार, आणि मग जिन्यानं सांगितलेलं सगळं खोटं ठरणार, असं त्यांचं म्हणणं.

मी छप्पन सालच्या जूनमध्ये तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून यवतमाळहून आले. सामान खोलीत ठेवते न ठेवते तोच डॉक्टर दारात. नाव नाही, गाव नाही. "बाई, एकोणतीसचा पाढा म्हणा. एका दमात." मी गोंधळून म्हटला. मध्ये श्वास घ्यावा लागला. "हं. यवतमाळची धूळ," असं म्हणून ते वर निघून गेले. भाडं किती, पाणी कुठलं, हे सगळं नंतर काकूंनी सांगितलं.

हा दमाचा प्रकार त्यांनी सगळ्या गावाला लावला होता. स्टेथॉस्कोप गळ्यात असायचा, पण खरा विश्वास यावर. जे तोंडपाठ असेल ते एका दमात म्हणायचं, आणि कुठं तुटतं ते डॉक्टर लक्षात ठेवायचे. पुढच्या खेपेला त्याच्या अलीकडे तुटलं तर छाती बिघडली, पलीकडे गेलं तर सुधारली. ज्याला जे येईल ते चाले. बांगड्या विकणारा मणियार बांगड्यांचे रंग म्हणायचा. तांड्यावरचा एक नाईक आपल्या बैलांची नावं घ्यायचा, मेलेल्यांसकट. किराणा दुकानदार जिऱ्यापासून सुरू करून हिंगापर्यंत जायचा. बायका उखाणे घ्यायच्या. त्यामुळे दवाखान्यात कधी शाळा भरल्यासारखं वाटे, कधी लग्नघर. काकू सांगायच्या, "आमच्या लग्नात मी एवढा लांबलचक उखाणा घेतला. सगळ्यांनी वाहवा केली. हे काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, फुप्फुसं उत्तम आहेत."

तापाबद्दल मात्र त्यांना मुळीच आदर नव्हता. थर्मामीटर कपाटात धूळ खात पडलेला असे. "ताप ओरडतो, फुप्फुस बोलत नाही," असं ते म्हणायचे, आणि एखाद्यानं "ताप किती आहे जी?" विचारलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. बाजारातले दुसरे डॉक्टर रस्त्यावरच्या ओट्यावर बसून येईल त्याला सुई टोचत, लाल औषधाची बाटली देत, आणि त्यांच्याकडे रांग असे. आमच्या डॉक्टरांकडे जिना होता.

सत्तावनच्या पावसाळ्यात फ्लू आला. मुंबईत आला, नागपुरात आला, असं ऐकत होतो, आणि एका आठवड्यात आमच्या अर्ध्या शाळेची बाकं रिकामी झाली. गावात घरटी एक-दोन माणसं अंथरुणाला लागली. बहुतेक बरी होत होती. तीन-चार दिवस अंग मोडून ताप, मग उतार. त्यामुळे गावानं त्याला फारसं मनावर घेतलं नाही. कामं खोळंबली होती, कपाशीचं निंदण तोंडावर होतं, ताप उतरला की माणसं दुसऱ्या दिवशी शेतात.

डॉक्टर मात्र अस्वस्थ झाले. एका सकाळी ते खाटकाच्या दुकानात जाऊन उभे राहिले. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी घरातला माणूस. खाटीक सुरी हातात धरून पाहतच राहिला. "डाक्टरसायेब, तुमी कवापासून खाऊ लागले जी?" डॉक्टरांनी बकऱ्याची फोपसं मागितली, श्वासनळीसकट, आणि ती केळीच्या पानात गुंडाळून थेट आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आणली. घरात आणायची सोय नव्हती, काकू दारात उभ्या होत्या. शाळेत पालक आणि मास्तरणी जमवायला मला सांगितलेलं होतंच. बरोबर सायकलचा पंप.

नळीत पंप बसवून त्यांनी हवा भरली. मलूल पडलेली ती फोपसं अशी टम्म, गुलाबी फुगली की पुढं बसलेल्या बाया "अगं माय!" म्हणून मागं सरकल्या. मोठ्या बाईंनी पदर नाकाला लावला.

"हे रोज आपल्या छातीत होतं, तेव्हा कुणी नाक धरत नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी नळीवर बोट ठेवलं. "या नळीला आतून मऊ अस्तर असतं. त्यावर बारीक केस असतात, दिसणार नाहीत तुम्हाला. आत गेलेली धूळ, घाण ते सारखे वर झाडत असतात. फ्लूचा जंतू पहिल्यांदा या झाडूवाल्यांना मारतो. अस्तर सोलून निघतं. मग दुसरे जंतू, जे एरवी दारातूनच परत गेले असते, ते आरामात खाली उतरतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे पेनिसिलिन आहे. पहिल्यासाठी काही नाही."

"मंग सुई कायले देता?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी देत नाही. ते बाजारातले देतात." त्यांनी फोपसाचा एक कोपरा चिमटीत धरला. "खरी भानगड इथं आहे. इथं बारीक बारीक फुगे आहेत. आत हवा, बाहेर रक्त, मध्ये भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. कधी कधी जंतू इथवर येतो. मग आपलंच रक्त त्याच्याशी भांडायला धावून येतं, आणि त्या भांडणात भिंत फाटते. रक्तातलं पाणी फुग्यांत झिरपतं." एवढं बोलून त्यांनी बाटलीतली पातळ खळ नळीतून एका फोपसात ओतली आणि पुन्हा पंप मारला. ती बाजू फुगेना. नळीतून बुडबुडे आले, मग फेस. मुली किंचाळत अंगणात पळाल्या.

"याला कोरड्या जमिनीवर बुडणं म्हणतात," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आणि हे होताना ताप असतोच असं नाही. ताप उतरला म्हणून उठू नका. आठ दिवस पडून राहा. धाप लागली तर आडवंही पडू नका, बसून राहा, आणि मला बोलवा."

त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव 'फोपशे डॉक्टर' पडलं. निंदणाला बाया जात होत्या त्या जातच राहिल्या.

सुभद्रा त्यांतलीच एक. किसन गवंड्याची बायको. आदल्या दसऱ्याला गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आली होती. आल्यावर घरातले देव नदीत सोडले, आणि नवं सगळं पहिल्यापासून शिकायला घेतलं. आमच्या गल्लीतल्या शहाण्यासुरत्या लोकांना त्याची मोठी गंमत वाटे. "पाठ होते का त्यांना ती पाली?" असं एकमेकांना विचारून ते हसत, स्वतःच्या आरत्यांतल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसताना. डॉक्टर त्यांच्यात कधी हसले नाहीत. पण त्याच गल्लीत वाढलेले होते, हेही खरं.

सुभद्रा आली त्या दिवशी घसा धरला म्हणून मीही वर बाकावर बसले होते. जिन्यात जड, दमदार पावलं वाजली, कुठंही न थांबता. डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "छाती ठणठणीत आहे." दारात पाहतो तर किसन, आणि त्याच्या दोन्ही हातांवर सुभद्रा.

"अरे, हिला चालता येत नाही का?"

"येते जी," किसन तिला खाली ठेवत म्हणाला. "पन म्या म्हनलं, एवढा जिना, कायले तरास तिले. ताप तं उतरला. परवा निंदाले गेलती, तवापासून गळून गेल्यावानी करून राह्यली."

जिन्यानं डॉक्टरांना किसनची छाती सांगितली होती. डॉक्टर चिडले. स्टेथॉस्कोप लावून पाहिला. फारसं काही ऐकू आलं नाही. मग नेहमीचं. "म्हण बाई. गेल्या वर्षी उखाणा घेतला होतास, चांगला लांब."

"आता त्रिसरण म्हनते," सुभद्रा म्हणाली. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जाण्याचे तीन चरण, तेच तीनदा. तिनं सुरू केलं. आवाज बारीक पण स्वच्छ. पहिली फेरी झाली. 'दुतियम्पि' म्हणून दुसरी सुरू झाली, आणि तिथंच ती थांबली. खाली मान घालून बसली.

डॉक्टर हसले. अगदी मायेनं. "असू दे. नवीन आहे अजून. येईल हळूहळू."

सुभद्रानं वर पाहिलं. काही सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. तोंड मिटताना तिच्या नाकपुड्या हलल्या, ते मला अजून दिसतं. डॉक्टर तोवर चिठ्ठी लिहीत होते. "ताप नाही, छातीत काही नाही. आठ दिवस निंदण बंद." किसननं तिला उचललं आणि आला तसा दमदार पावलांनी खाली गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर घरोघरचे आजारी पाहायला निघाले. साथीमुळे शाळा बंदच होती, म्हणून आयांना चार गोष्टी समजावून सांगायला मी बरोबर. वस्तीवरून जाताना एका अंगणात पाच-सहा बाया वंदना म्हणत बसल्या होत्या. त्या 'दुतियम्पि'पर्यंत आल्या, अडखळल्या, एकमेकींकडे पाहून हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. पुन्हा तिथंच गाडी थांबली.

"पाहा," डॉक्टर मला हळूच म्हणाले, "सगळ्यांचं तिथंच अडतं."

त्यातली एक म्हातारी आम्हांला पाहून उठली. "आज आमची मास्तरीन नाही ना जी. तिच्याबिगर आमाले पुढचं येतच नाही."

"कोण मास्तरीण?"

"सुभद्रा. किसनची. तिनंच तं शिकवलं आमाले समद्यायले. तिले सारं तोंडपाठ हाय, झोपेतून उठवा, धडाधडा म्हनते."

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, असं मी एरवी लिहिलं असतं. पण तो पाहवत नव्हता. हातातली बॅग छातीशी धरून हा पन्नाशीचा माणूस चिखलातून धावत सुटला. डॉक्टरांना धावताना मी तेवढंच पाहिलं.

सुभद्रा खाटेवर उताणी पडली होती. ओठ निळसर, गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. किसन पायाशी बसला होता, आणि आमच्याकडे पाहून त्यानं आनंदानं सांगितलं, "अंग थंड हाय जी. ताप काईच नाही. बरं वाटून राह्यलं तिले."

"उठव तिला! बसव!" डॉक्टर ओरडले. "आडवी पडू देऊ नकोस!"

गोधड्यांच्या वळकट्या, ज्वारीचं पोतं, जे हाताला लागलं ते रचून तिला पुढं झुकवून बसवलं. पेनिसिलिनची सुई दिली. ऑक्सिजन होता तो यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात, आणि नाल्याला पूर, बस बंद. चालू असती तरी त्या हादऱ्यांनी ती वाटेतच गेली असती. शेजारणी पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "पडू द्या ना जी बिचारीले, बसून बसून थकली." डॉक्टर त्यांच्यावर खेकसायचे. मग त्यांनी एक अजब प्रकार केला. त्या बायांनाच दारात बसवलं आणि वंदना म्हणायला लावली, अगदी सावकाश. सुभद्रानं बोलायचं नाही, फक्त प्रत्येक चरणाला ओठ मिटून सावकाश श्वास सोडायचा. बाया चुकल्या की ती हाताच्या बोटानं नाही म्हणायची. असं करता करता बायांचं पाठ झालं, आणि डॉक्टरांचंही झालं.

ते चार दिवस डॉक्टर तिथंच होते. मी त्यांचा डबा न्यायचे. डबा भरताना काकूंनी मला एकदा सांगितलं, डॉक्टर लहान असताना मानमोडीच्या, म्हणजे अठरा सालच्या फ्लूच्या, साथीत त्यांची आई गेली. ताप उतरला म्हणून उठली, अंघोळ केली, स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं. सगळे म्हणाले, बरी झाली. ती म्हणाली, जरा पडते. पडली ती उठलीच नाही. "जिना चढून यायला लावतात ना," काकू म्हणाल्या, "त्यांना वाटतं, त्या दिवशी आपल्या घराला जिना असता तर कळलं असतं."

मला तेव्हा त्या जिन्याचा राग येईनासा झाला.

सुभद्रा वाचली. ओठांचा रंग परत आला त्या सकाळी डॉक्टर तिच्यासमोर बसले आणि सगळ्या वस्तीदेखत म्हणाले, "चूक माझी झाली. तुझा श्वास तुटला होता. मला वाटलं, तुला येत नाही."

सुभद्रा एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मले सांगाचं होतं, जी, का मले येते. पन तेवढा... दम नव्हता."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. मग तिच्या घरचा काळा चहा प्यायले आणि घरी येऊन झोपले.

चहाची बातमी डॉक्टरांच्या आधी गल्लीत पोचली. पुढं आणखी भर पडली, कारण डॉक्टर रोज सकाळी जिना चढताना एका दमात त्रिसरण म्हणू लागले. स्वतःची छाती तपासायला त्यांना आता तेच बरं वाटे. देव ते मानत नसत, बुद्धावर त्यांचं काही वाचन नव्हतं. पण ब्राह्मणाच्या घरातून रोज पाली ऐकू येते म्हटल्यावर गल्लीतले एक प्रतिष्ठित वकील जाब विचारायला आले. रागानं भराभर वर चढले. वर पोचल्यावर त्यांना बोलता येईना. डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, निषेध नंतर. आधी गणपतीची आरती म्हणा. एका दमात." वकील दुसऱ्या कडव्याला लटकले आणि खोकल्याचं औषध घेऊन गेले.

दुखण्यानं सुभद्राच्या फुप्फुसाचा एक तुकडा कायमचा निकामी केला होता. जखम भरली तरी तिथं वण राहतो, आणि वणात हवा भरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. निंदण तिनं सोडलं, वस्तीतल्या लहान मुलांना शिकवू लागली. दर पावसाळ्याच्या तोंडावर छाती दाखवायला यायची तेव्हा किसनला खालीच उभं करायची आणि स्वतः चढायची. मध्ये वळणावर तिला थांबावंच लागे. पहिल्यांदा आली तेव्हा तिथं खुर्ची होती. काकूंना वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते झालं. काकू म्हणाल्या, "मला मेलीला असंच आजारी पडायला हवं होतं."

काही वर्षांनी माझी बदली पुन्हा यवतमाळला झाली. नंतर मी डॉक्टरांना एकदाच भेटले, तीच शेवटची भेट. हिवाळा होता. गावात पुन्हा सर्दी-तापाची साथ होऊन गेली होती, डॉक्टर त्यात घरोघर फिरले आणि स्वतः पडले. जिना चढवत नव्हता, म्हणून माझ्या जुन्या खोलीत खाट टाकली होती. मी गेले तेव्हा ते उताणे पडून छताकडे पाहत होते. काकूंनी सांगितलं, ताप कालच उतरला, आता काळजी नाही. डॉक्टरांनी मला पाहून बोट हलवलं, पाढा म्हणा अशी खूण. मी म्हटला. यवतमाळची धूळ अजून होतीच.

तेवढ्यात सुभद्रा आली. दारात उभी राहून तिनं आधी दम खाल्ला, मग हसून म्हणाली, "डाक्टरसायेब, आज तुमची पाळी. म्हना पाहू. एका दमात."

डॉक्टर हसले. त्यांनी सुरुवात केली. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. पहिली फेरी झाली. 'दुतियम्पि' म्हटलं आणि थांबले.

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं, मग नजर वळवून म्हणाले, "विसरलो बुवा."

"वय झालं आता," काकू हसत म्हणाल्या. "रोज म्हणतात आणि आज विसरले."

सुभद्रा हसली नाही. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, खाटेपाशी गेली, डॉक्टरांच्या पाठीखाली हात घालून त्यांना उठवलं. कोपऱ्यातली माझी जुनी वळकटी, काकूंची गोधडी, उशा, सगळं ओढून त्यांच्यापुढं रचलं आणि त्यांना पुढं झुकवून बसवलं.

"अगं, पडू दे ना त्यांना," काकू म्हणाल्या.

"नाही माय," सुभद्रा म्हणाली. "तेइले सारं येते."

मग ती त्यांच्या शेजारी बसली आणि जिथं ते थांबले होते तिथून तिनं म्हणायला सुरुवात केली, एकेक चरण, अगदी सावकाश. डॉक्टरांनी डोळे मिटले, आणि प्रत्येक चरणाला ते श्वास सोडत राहिले.